पिवळ्या पिनेची जागा

१४ मे, मंगळवार

आरोग्य केंद्रातली व्यायामवाली पोरगी, तायस, आज भिंतीवर कॅलेंडर टांगून गेली. रोजच्या चौकटीत एक खूण करायची. जेनिव्हालच्या उजव्या हाताने काही केलं तर बरोबरची, नाही तर फुली. "दोना दाल्वा, फक्त खूण करा, बाकीची कहाणी नको," म्हणाली. मला ओळखते ती. बाकीच्या कहाणीसाठी मग ही वही काढली. प्रौढांच्या शाळेत दोन वर्षं गेले होते, तेव्हाची आहे, निम्मी कोरीच राहिलेली. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, पण वाचायचंय कोणाला.

फेब्रुवारीत माझ्या नवऱ्याला, जेनिव्हालला, अर्धांगाचा झटका आला. सत्तावीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली, निवृत्त होऊन आठ महिने झाले नाहीत तोवर उजवी बाजू गेली. पाय परत आला, काठी घेऊन चालतो. हात आला नाही. मांडीवर ओलं फडकं ठेवावं तसा असतो. बोलण्याचा चिखल झालाय, शब्द रुततात. शिव्या तेवढ्या स्वच्छ येतात. तायस म्हणते, मेंदूत शिव्यांची खोली वेगळी असते. याची ती खोली आधीपासूनच ऐसपैस होती.

दाबायला रबरी चेंडू दिला. त्याने तो खिडकीतून शेजारणीच्या कोंबड्यांत फेकला, डाव्या हाताने. मी जाऊन परत आणला.

फुली.

१७ मे, शुक्रवार

सिल्वानियाचा फोन आला. आमची एकुलती एक मुलगी, काम्पिनासला असते, बसने दोन दिवस लांब.

"आई, मी जूनमध्ये सांजावच्या सणाला येते. तोवर बाबांचा हात हलला नाही तर त्यांना इकडे घेऊन जाते. इथे मोठं हॉस्पिटल आहे. रोज व्यायाम घेतात."

"किती दिवस?"

"वर्षभर तरी. मग बघू."

या 'मग बघू'चा अर्थ मला कळतो. मी जाऊ शकत नाही. माझं शिलाई मशीन इथे, जीन्सला चेना बसवायचं काम इथे, ते बंद केलं तर घर बंद. म्हणजे तो तिकडे आणि मी इकडे. लग्नाला चौतीस वर्षं झाली, एवढ्या काळात हा माणूस माझ्याशिवाय फक्त एकदा झोपलाय, तेही अपेंडिक्स काढलं तेव्हा.

फोनचा आवाज मोठा असतो. त्याने सगळं ऐकलं. भिंतीकडे तोंड करून पडला, जेवायलाही उठला नाही. मी म्हटलं, "भिंतीशी लग्न लावलंयस का?" एरवी शिवी आली असती. तीही आली नाही.

१९ मे, रविवार

पेटीत जाड चादर शोधत होते तर तळाशी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला व्हिडिओ गेम सापडला. काळा डबा, दोन कंट्रोल, चार कॅसेटी. सिल्वानिया आठ वर्षांची असताना घेतला होता. तिला दोन महिन्यांत कंटाळा आला. मग रविवारी जेवण झालं की आम्ही दोघंच फुटबॉल खेळायचो. मी पांढरा संघ, तो निळा. बहुतेक वेळा मीच जिंकायचे. मेल्यासमोर गोल मोकळा असायचा आणि हा चेंडू ढगात मारायचा. वर म्हणायचा, "तुझा गोलकीपर भारी आहे, म्हातारे." मी म्हणायचे, खेळता येत नाही ते कबूल कर.

डोक्यात आलं, चेंडू दाबत नाही तर राहू दे. कंट्रोलची बटणं दाबेल. बोटांचाच तर व्यायाम.

पण टीव्ही नवा आहे. सिल्वानियाने नाताळला दिलेला, चपटा, भिंतीला पाठ लावून उभा. जुना पोटवाला टीव्ही मी स्वतः भंगारवाल्याला दिला. गेमच्या वायरीचं टोक नव्या टीव्हीला कुठेच लागेना. मागे नुसती भोकंच भोकं.

जेनिव्हाल खुर्चीतून बघत होता. भिंतीकडे नव्हे, माझ्याकडे. काहीतरी पुटपुटला. मी म्हटलं, "तू गप बस, मला करू दे."

फुली.

२१ मे, मंगळवार

गेम जीन्सच्या पोत्यात घातला आणि अदलाबदलीच्या बाजारात गेले. सेऊ एनोकीचा ठेला आहे तिथे. ताडपत्रीखाली वायरी अशा लोंबतात की शेवया वाळत घातल्यात वाटावं.

"टीव्हीला भोकं कसली आहेत, दोना दाल्वा?"

"गोल."

"सगळीच गोल असतात."

"मग विचारता कशाला?"

हसला. तोंडात दोन दात आणि आव इंजिनियरचा. म्हणाला, घरी जाऊन भोकांचं चित्र काढून आणा. अर्धा दिवस वाया. घरी आले, कागद कोण शोधतो, फाटक्या जीन्सच्या खिशावर शिंप्याच्या खडूने चित्र काढलं. बारीक गोल, लांबट चपटं, तीन गोल शेजारी शेजारी, एक अँटेनाचं. परत गेले. त्याने खिसा उलटासुलटा करून बघितला आणि अँटेनाची वायर दिली. "ही जगातल्या कुठल्याही टीव्हीला चालते."

लावली. धुकं आलं, धुक्यात माणसं पळताहेत असं काहीतरी. आणि आवाज, जणू कोणी कढईत मासळी तळतंय. जेनिव्हालने पहिली शिवी दिली, चार दिवसांत पहिलीच. मला बरं वाटलं. पण शिवी हाताने देत नाहीत, म्हणून फुली.

२५ मे, शनिवार

सेऊ एनोकीशी भांडून आले. "धुकं विकता?" म्हटलं. त्याने शांतपणे दुसरी वायर काढली, एका टोकाला जाड पिन, ती गेमला लागते. दुसऱ्या टोकाला तीन शेपट्या, पिवळी, पांढरी, लाल. "पिवळीतून चित्र जातं, बाकी दोघींतून आवाज. तुमचा गेम दोन्ही कानांत सारखंच बोलतो, त्यामुळे लाल-पांढरीची अदलाबदल झाली तरी बिघडत नाही. पिवळीला मात्र पिवळंच भोक लागतं."

खिशावरच्या चित्रात रंग कुठले. मी म्हटलं, पिवळं नाहीये, मी पाहिलंय. लाल आहे, पांढरं आहे, हिरवं आहे.

"नक्की?"

"मी चेना बसवते, सेऊ एनोकी. दोरा कुठल्या रंगाचा ते अंधारात सांगते."

मग त्याने काडेपेटीएवढा डबा दिला. तीन शेपट्या डब्यात, डब्यातून चपटी वायर टीव्हीत. डब्यावर चिनी अक्षरं.

चित्र आलं! स्वच्छ, धुकं नाही, मासळी नाही. पण रंग गेला. गवत राखाडी, आकाश राखाडी, माझा पांढरा संघ आणि त्याचा निळा संघ एकमेकांचे जुळे भाऊ. मी खेळून दाखवायला बसले. पाचदा त्याच्याच माणसाला चेंडू दिला आणि सहाव्यांदा स्वतःवर गोल केला.

जेनिव्हाल हसला. तोंड एका बाजूने उचललं जातं, त्यामुळे हसणं कुचकट दिसतं, पण हसला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. मी कंट्रोल त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने बाजूला सारला आणि टीव्हीच्या मागच्या बाजूकडे मान वळवून वळवून दाखवत राहिला. काय सांगायचं असेल ते त्यालाच माहीत. मी म्हटलं, "उद्या. मला आज साठ चेना आहेत."

फुली.

२८ मे, मंगळवार

तायसची बदली झाली. आरोग्य केंद्रात म्हणतात, दुसरी कोणी येईल. कधी? सणानंतर. सगळं सणानंतर. कॅलेंडर आणि मी, आता आम्ही दोघंच.

बाजारात गेले. रंगाचं विचारलं. सेऊ एनोकी म्हणाला, "बाहेरच्या डब्याला आपले रंग कळत नाहीत. टीव्हीवर रंग पाठवायची आपल्या देशाची रीतच निराळी. सगळ्या जगाने एक धरली, आपण दुसरी."

"हे माहीत होतं तर विकलात का?"

"तुम्ही म्हणालात पिवळं भोक नाही. मी कंपनीच्या साहेबाशी वाद घालेन, तुमच्याशी नाही."

डबा परत घेतला, भल्या माणसाने. म्हणाला, पुन्हा एकदा नीट बघा, पिवळं असायलाच हवं. मी म्हटलं, माझ्या डोळ्यांना चष्मा नाही अजून.

३० मे, गुरुवार

आज सगळं लिहिते, कारण आज भयंकर भांडण झालं.

टीव्ही पुढे ओढला, बॅटरी घेऊन मागे गुडघ्यावर बसले. लाल. पांढरं. हिरवं. मी ओरडून सांगितलं, "नाहीये पिवळं! नाही म्हणजे नाही!" खुर्चीतून जेनिव्हाल "ह्या, ह्या" करायला लागला. मी म्हटलं, काय ह्या ह्या, तुला दिसतंय का तिथून. तो उठला. काठी तिथेच टाकून आला, शहाणा. डाव्या हाताने कपाटाची कड धरली, नाही तर तोंडावरच पडला असता, आणि वाकून माझ्या बोटांतली पिवळी पिन हिसकावली. हातातून पडली. पुन्हा उचलली. पुन्हा पडली. मी उचलून द्यायला गेले तर अशी शिवी दिली की माझ्या मेलेल्या सासूने ऐकली असेल. आणि पिन घेऊन हिरव्या भोकाकडे!

"अरे आंधळा झालास का, हिरवं आहे ते! जाळशील टीव्ही!"

त्याला घाम फुटला होता. पिन भोकाच्या कडेवर आपटत होती, टक टक टक, घसरत होती. कपाट सोडेना, पिन सोडेना. मी त्याची कंबर धरून उभी, एक हात टीव्हीच्या बटणावर, धूर आला की बंद करायला तयार.

आत गेली.

रंग आला. पांढरा संघ पांढरा, निळा निळा, गवत हिरवं. मी किती वेळ नुसतं गवतच बघत बसले. मग बॅटरी लावून पुन्हा पाहिलं, तर हिरव्या कड्याच्या आत अर्धं वर्तुळ पिवळं रंगवलेलं. नखाएवढं. कुठल्या मूर्खाने केलं असेल? दोन वायरींना एक भोक, आणि माणसाने ओळखायचं कसं?

सेऊ एनोकीला हे सांगणार नाही.

चेंडूला आज हातही लावला नाही. फुली.

३ जून, सोमवार

खेळतो, पण मन लावून नाही. कंट्रोल मांडीवर ठेवून डाव्या अंगठ्याने दाबतो, पाच मिनिटांत सोडतो. मी सहा-शून्यने हरवलं. पूर्वीही हरवायचे, पण तेव्हा तो चिडायचा नाही, आता चिडतो.

सकाळी बघते तर पिवळी पिन निघालेली. लोंबत होती.

४ जून, मंगळवार

आजही निघालेली, आणि पांढरीही. भोकं सैल दिसतात. मी लावायला गेले तर मालक आधीच टीव्हीमागे स्टुलावर बसलेले. एक पिन लावायला पाऊण तास. माझा जीव वर-खाली. मी म्हटलं, "दे इकडे, दोन सेकंदांचं काम." देईना.

फुली.

९ जून, रविवार

रोज तेच. मी कामात असते तोवर पिना निघतात, त्या लावण्यात याची सकाळ जाते. बाजारात गेले आणि सेऊ एनोकीला सुनावलं. त्याने वायर मागून घेतली, एक पिन एका भोकात घातली आणि तिला धरून अख्खा रेडिओ उचलून दाखवला. "ही सैल आहे? ही निघायला माणूसच लागतो, दोना दाल्वा."

"घरात दोनच माणसं आहेत. मी शिवते आणि तो पांगळा आहे."

तो दाढी खाजवत बसला. मग म्हणाला, "जेनिव्हालला माझा नमस्कार सांगा. आणि पिना त्यालाच लावू देत." याला काय जातंय सांगायला.

१३ जून, गुरुवार

सणाआधीचा माल आलाय, चारशे जीन्स. सकाळी बसते ती उन्हं उतरली की उठते. मागे काय चाललंय ते बघायलाही फुरसत नाही. टक टक ऐकू येतं, शिवी ऐकू येते, मग फुटबॉलचं संगीत. म्हणजे लागली. हल्ली संगीत कॉफीच्या आधीच येतं, पूर्वी जेवणाच्या वेळी यायचं. संगीत आलं की थोड्या वेळाने बंद. पुन्हा टक टक. डोकं उठतं.

एक गोष्ट लिहून टाकते. आज त्याला आंघोळ घालताना मनात आलं, नेऊ दे सिल्वानियाला. एक अख्खा दिवस कोणाला उठवायचं नाही, पुसायचं नाही, बटणं लावायची नाहीत. असं मनात आलं, आणि मी साबण लावत होते, आणि तो माझ्याकडे बघत होता. त्याला काहीही कळत नाही असं समजू नये. बोलता येत नाही, एवढंच.

बटणाचं लिहिलं म्हणून आठवलं, आज शर्टाचं वरचं बटण आधीच लावलेलं होतं. बहुतेक रात्री मीच काढायला विसरले.

फुली.

१८ जून, मंगळवार

सिल्वानियाने विचारलं, "कॅलेंडर काय म्हणतं?" मी खरं सांगितलं. पस्तीस चौकटी, पस्तीस फुल्या. चेंडू एकदाही दाबला नाही. ती मग म्हणाली, "आई, तू खूप केलंस." असं बोलणं मला आवडत नाही. मेलेल्या माणसाच्या घरी बोलतात तसं.

"तिकीट काढून ये," मी म्हटलं. "दोघांचं. सणाच्या आदल्या दिवशीच जा, नंतर बसला गर्दी होईल."

त्याच्या शर्टांना इस्त्री केली. तो टीव्हीमागे बसलेला, बाहेर आलाच नाही. वायरींशी कुजबुजत होता. माझ्याशी नाही.

२२ जून, शनिवार

सिल्वानिया आली. जाड झालीये, बरं वाटलं. बापाच्या गळ्यात पडून रडली. त्याने डाव्या हाताने पाठ थोपटली, दुसऱ्या हातात कसलीशी पिन होती. मी मक्याची खीर केली. तिने तीन वाट्या खाल्ल्या आणि सगळा वेळ कॅलेंडरकडे बघितलं.

२३ जून, रविवार

बस दुपारची होती. गल्लीत सकाळपासून सांजावच्या होळीची लाकडं रचायला घेतली होती, आमच्या दारासमोरचीही.

त्याची पेटी मी भरली. शर्ट, औषधं, कागद, जाड चादर. सिल्वानिया म्हणाली, "गेमही घेऊन जाऊ, बाबांना तिथे विरंगुळा." ती टीव्हीमागे गेली आणि दोन झटक्यांत सगळं उपटलं. वायर गुंडाळली, डबा अभ्र्यात घातला, अभ्रा पेटीत. टॅक्सीवाला शेजारचाच पोऱ्या, दारात हॉर्न वाजवत होता.

जेनिव्हाल उठला. मला वाटलं निघाला. काठी भिंतीला टेकवली. पेटीपाशी वाकला, अभ्रा बाहेर काढला आणि टीव्हीमागे जाऊन स्टुलावर बसला.

"बाबा, गाडी थांबलीये."

त्याने डबा मांडीवर घेतला. जाड पिन लावली. मग तीन शेपट्या. डावा हात टीव्ही धरायला, आणि दुसऱ्या हातात पिवळी पिन, अंगठा आणि दोन बोटं, जशी मी सुई धरते. टक झालं नाही. सरळ आत.

सिल्वानियाने माझं मनगट धरलं. "आई. हा कुठला हात?"

मी बघत होते. तीन आठवड्यांहून जास्त मी हेच बघत होते. दर वेळी ओरडत होते, पिन मागत होते, घड्याळ बघत होते. कुठला हात ते मी कधी बघितलंच नव्हतं. मी चेंडू बघत होते.

"फुल्या का मारल्यास गं मग?" ती रडत होती की हसत होती, कोण जाणे. "पस्तीस फुल्या! आई!"

"चेंडू दाबत नव्हता," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार.

बाहेर हॉर्न वाजला. सिल्वानिया दारात जाऊन ओरडली, "जा रे तू, आज कोणी येत नाहीये!" मग आत येऊन खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर, अजून बसच्या तिकिटांसकट. हॉस्पिटलचं काय, ते आम्ही उद्या बोलू. तिचं म्हणणं आहे की व्यायामवाली इथेच शोधायची, नाही मिळाली तर ती महिन्यातून एकदा तिकडच्या डॉक्टरांना फोनवर दाखवून घेईल. मी म्हटलं, बघू. या खेपेला 'बघू' मी म्हटलं.

पण ते नंतरचं. तेव्हा तो अजून वायरींतच होता. दोन पिना उरल्या होत्या. त्याने लाल उचलली, जराशी थरथरली, आणि पांढऱ्या भोकात घातली. पांढऱ्या! मी टीव्हीच्या बाजूने वाकून बघत होते, मला स्वच्छ दिसलं. मग पांढरी घेतली आणि लाल भोकाकडे नेली. बिघडत काही नाही, मला ठाऊक आहे. पण चुकीचं ते चुकीचंच. माझी बोटं शिवशिवली. मी हात पुढे केला.

त्याने चापट मारली. उजव्याने. वेळ लागला उचलायला, खांद्यापासून आणावा लागला, पण बसली ती चांगली जोरात, बोटांच्या पेरांवर.

आत्ता होळ्या पेटल्यात, पोरं ओरडताहेत, बाप-लेक आत फुटबॉल खेळताहेत आणि लेक हरतेय. माझी पेरं अजून लाल आहेत. सिल्वानिया बर्फ लाव म्हणाली. मी नाही लावला.